परत केलेली वर्गणी

गावाचं सरपंचपद बाईसाठी सुटलं, तेव्हा क्रशरवाल्या नरसिंगरावांनी सुनेला उभं केलं. बॅनरवर ऋतुजाचा फोटो तिकिटाएवढा आणि सासऱ्याचा दारभर. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या गावात त्याचं कुणाला हसूही आलं नाही, कारण सही कुणाची आणि हुकूम कुणाचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नरसिंगरावांना गावचं गायरान हवं होतं. तिथं खडीचे ढीग लावायचे, टिप्पर उभे करायचे. पण गायरानावर वर्षानुवर्षं बसलेली पन्नासेक घरं होती, आणि त्यातलंच एक, पिठाच्या गिरणीसकट, चतुराबाईचं. नव्या पंचायतीनं जागा मोकळी करायचा ठराव घेतला की सगळ्यांवर बुलडोझर फिरणार. म्हणून चतुराबाई सरपंचपदाला उभी राहिली.

नवरा वारलेला, घरात कॉलेजला जाणारी लुंबिनी. निवडणूक लढवायला पैसा कुठून आणणार? मग बाईनं उलटाच कारभार मांडला. नरसिंगरावांची माणसं घरोघर पाकिटं पोचवत होती, तर ही घरोघर वर्गणी मागत फिरली.

"मी तुमाला काय देनार? तुमीच मला द्या, म्हंजी मी तुमची बांधील ऱ्हाईन."

आणि लोकांनी दिली की हो! कुणी शंभर, कुणी दोनशे. फक्त देताना दार लोटून घेत आणि आवाज खाली आणत. "नाव लिहू नका, माय. पोरगं क्रशरवर हाय." चतुराबाईनं प्रत्येकाला शब्द दिला. पावती फाडली नाही, यादी केली नाही. पत्रकं छापली, भोंग्याची रिक्षा फिरवली, आणि उरलेले मतदानाच्या दिवशी बूथच्या खर्चाला ठेवले. ज्यानं खिशातून काढून दिले तो मतही देणारच, असा मायलेकींचा साधा हिशोब होता, आणि त्या हिशोबावर दोघी निर्धास्त झोपत होत्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी पार्वतीबाई ज्वारी दळायला आली. दळण होईपर्यंत गप्पा मारणारी, पोटात काही न ठेवणारी बाई.

"चतुरे, वाईट वाटून घिऊ नको," ती म्हणाली. "आमचे मालक म्हनले, चतुराबाईला दोनशे दिले न्हवं? झालं. आता तिचं आपल्यावर काय ऱ्हायलं न्हाई. पाकीट तिकडचं खाल्लंय, तर मत तिकडंच टाकावं लागंल."

"समदेच असं म्हनायलेत?"

"समदेच, बाई. दिलं की मन हलकं झालं बघ."

पट्टा फिरत राहिला, पीठ डब्याबाहेर सांडायला लागलं, तरी चतुराबाई जागची हलली नाही. पाकीट घेणारा बांधला जातो हे तिला पाठ होतं. देणारा मोकळा होतो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पंधरा दिवस ती उंबरे झिजवत फिरली आणि एकेक घर स्वतःच्या हातानं मोकळं करत आली! असला संताप आला तिला स्वतःचा की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वर्गणी माघारी केली की लोक पुन्हा बांधील होतील, असं ठरवून तिनं बूथचे पैसे काढले, कमी पडले म्हणून गिरणीचा गल्ला ओतला आणि पदरात बांधला.

लुंबिनी आडवी आली. "आई, उद्या मतदान हाय. आज नोटा घिऊन गावात फिरू नको. पाया पडते."

"मंग काय करू? सांग की! घर पडलं की कुठं जायचं आपुन?"

लुंबिनीनं तिचा पदर धरला. आईनं तो सोडवून घेतला.

दिवस कलता चतुराबाई गल्लीत शिरली. लिहिलेलं काही नव्हतं, पण कुणी काय दिलं ते ती विसरली नव्हती. मन्मथ किराणावाल्यानं नोटा मुकाट्यानं गल्ल्यात टाकल्या. एकीनं नको नको म्हणत घेतल्या. शेवटी ती शेषेरावांच्या अंगणात आली. म्हातारबांनी सगळ्यांत जास्त, पाचशे दिले होते. त्यांचा मुलगा नरसिंगरावांचा टिप्पर चालवायचा.

"आबा, तुमचे पाचशे घ्या माघारी. मला तुमची वर्गणी नगं, मत पायजे. माझं घर वाचवा, आबा."

तिनं नोट त्यांच्या मुठीत कोंबली आणि त्यांचे पाय धरले. तेवढ्यात मागं जीप थांबली. निवडणुकीचं भरारी पथक होतं. जीपच्या पुढं मोबाईल धरून नरसिंगरावांचा पुतण्या बालाजी उभा होता. तो किराणा दुकानापासून तिचं शूटिंग करत आला होता.

"साहेब, त्येंचेच पैसे हायती," चतुराबाई उठत म्हणाली. "वर्गणी दिलती मला. माघारी करायले."

"पावती आहे? यादी?"

"न्हाई."

"मग कोण सांगेल?"

तिनं गल्लीकडं पाहिलं. दारादारांत माणसं उभी होती. एकानं, फक्त एकानं म्हणावं की हो, हे माझेच! मन्मथचं नाव तिच्या जिभेवर आलं, आणि दिलेला शब्द आठवून तिनं ते गिळलं. "आरं, सांगा की कुनीतरी!" ती किंचाळली. "माझं घर जाईल रे!" मन्मथनं शटर ओढलं.

साहेबांनी शेषेरावांना विचारलं, "आजोबा, ही नोट कुणी दिली?"

म्हाताऱ्यानं एकदा बालाजीच्या मोबाईलकडं पाहिलं. "हिनं."

"कशासाठी?"

"मत पायजे म्हनली."

त्यात खोटा एक शब्द नव्हता. पंचनामा झाला, शेषेरावांनी खाली सही केली, आणि चतुराबाईला जीपमध्ये बसवलं.

जीप सुरू होता होता म्हातारा खिडकीशी आला. "चतुरे," तो कुजबुजला, "माझ्या हातनं लई वंगाळ झालं. आता मत तुलाच. लेकराची आन."

"मत ऱ्हाऊ द्या, आबा," चतुराबाई म्हणाली. "लुंबिनी गायरानात एकली हाय. आजची रात तेवढी तुमच्या घरी निजू द्या तिला."

शेषेरावांनी मागं वळून पाहिलं. बालाजी अजून शूटिंग करत होता. म्हातारा खिडकीपासून बाजूला झाला.