लिंबावरचं फुलपाखरू

पाकीट हातात पडलं तरी हिंदुराव ते उघडेनात. मागच्या दोन रोलांनी त्यांची हवाच काढून टाकली होती. जास्वंदीवरचा शिंजीर पक्षी म्हणून जो फोटो काढला, तो शाईचं बोट पुसल्यासारखा आला होता. आणि दुसऱ्या फोटोतला दयाळ पक्षी कुठे संपतो नि कुंपण कुठे सुरू होतं, तेच कळत नव्हतं.

"खोलो ना काका, बॉम्ब थोडीच आहे आतमध्ये!" मोटवानी काउंटरपलीकडून म्हणाला. उल्हासनगरात त्याचा स्टुडिओ होता. तो जुना कॅमेरा हिंदुरावांना त्यानंच विकला होता, त्यामुळे फोटो बिघडले की त्यालाही कसंसंच व्हायचं. "लेन्स साफ केली, शटर चेक केला. कॅमेऱ्यात फॉल्ट नाय."

हेच तर हिंदुरावांना ऐकायचं नव्हतं. दोष कॅमेऱ्यात नसेल, तर मग तो कुणात आहे?

हिंदुराव मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. बॉयलरला एक उभी काच असते, आतलं पाणी कुठवर आहे ते तिच्यात बघायचं. पाणी खाली गेलं आणि बघणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही, तर बॉयलर फुटतो. भिंतीपलीकडे पॅकिंगची माणसं जेवणाचे डबे उघडून बसलेली असतात. गेल्या महिन्यात हिंदुरावांना काच काठोकाठ भरलेली दिसली होती, आणि ती होती रिकामी. जोडीदार सदू ओरडला म्हणून निभावलं. "डुलकी लागली रं," असं सांगून हिंदुरावांनी वेळ मारून नेली. तेव्हापासून ते सारखा काचेखालच्या नळीचा कॉक उघडून वाफ येते की पाणी, ते आवाजावरून ओळखायचे. साधा वाल्व्ह फुसफुसला तरी ते काचेकडे धावायचे.

बेलवलीच्या घरामागच्या बागेत फोटो काढणं हा त्यांचा एकमेव शौक. कारखान्यात सगळे त्यांना त्यावरून चिडवायचे. दाढीचे खुंट वाढलेला, कोळशानं काळा झालेला गडी फुलपाखरांमागे ओणवा होऊन फिरतो, म्हणजे चिडवणारच. आता मात्र त्याच शौकाची त्यांना भीती वाटू लागली होती.

शेवटी मोटवानीनंच पाकीट फोडलं. धूसर, धूसर, पुन्हा धूसर. मग तो एकदम थांबला. "अरे वा! हे बघा काका. एक नंबर!"

हिंदुरावांनी फोटो नाकाशी धरला. लिंबाच्या पानावर पंख पसरून बसलेलं फुलपाखरू. काळ्यावरचा पिवळा ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा असा. त्यांच्या जिवात जीव आला. म्हणजे डोळे शाबूत होते! उगाच महिनाभर जिवाला घोर लावून घेतला. वाटेत त्यांनी हलवायाकडून पावशेर जिलबी बांधून घेतली.

घरी त्यांची बायको गोदू मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं राखेचे हात वर धरूनच फोटो पाहिला आणि लाजली.

"अवो, ह्यो मी काढलाय."

"तू?"

"तुमी आंगूळीला गेलता. कोषातनं नुकतंच निघालं व्हतं, पंख वाळवत बसलेलं. म्हटलं, हाक मारस्तोवर उडून जाईल. ते भिंगाचं कडं फिरवलं, ठिपकं नीट दिसंस्तोवर, आन् दाबलं बटन. रागावशिला म्हनून बोलले न्हाई."

हिंदुराव धुण्याच्या दगडावर मटकन बसले. जिलबीचा पुडा तसाच मांडीवर राहिला. मग काचेची गोष्ट, डुलकीची थाप, सगळं त्यांनी तिला सांगून टाकलं.

"आन् वर्साची डोळ्याची तपासनी?"

"अक्षरं पाठ हैत मला."

गोदूच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "मग साहेबास्नी सांगून टाका. गेटावर बसवतील, तर बसू द्या."

"वॉचमनलाबी डोळं लागत्यात, गोदू. घरी बसवतील."

तिनं राखेचे हात धुतले. मग हळूच म्हणाली, "सदूची बायकू हळदीकुकवाला येती आपल्याकडं. काय झालं, तर तिला मी काय तोंड दावू?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधीच हिंदुराव मॅनेजर शशिकांत साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले.

"या हिंदुराव! आज कोणता पक्षी?" साहेब नेहमीसारखे हसले.

हिंदुरावांनी दोन फोटो टेबलावर ठेवले. "साहेब, ह्यो म्या काढला. आन् ह्यो आमच्या मंडळींनी. कॅमेरा त्योच, रोल त्योच."

"मग वहिनींना बक्षीस द्यायला हवं!"

"साहेब, मला बॉयलरची काचबी आशीच दिसती." त्यांनी बोट ठेवलं ते स्वतःच्या धूसर फोटोवर. "गेल्या म्हैन्यात डुलकी न्हवती लागली. जागा व्हतो मी."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले, आणि फोन उचलून बॉयलर हाउसला लावला. आजपासून काच सदूनं बघायची, हिंदुरावांना उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, पुढचं पुढे. "घरी जा आज," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, आणि हिंदुरावांना तेच जास्त लागलं.

ते घरी गेले नाहीत. बॉयलर हाउसमध्ये येऊन त्यांनी चिंधी घेतली आणि उभी काच वरपासून खालपर्यंत पुसली, परत एकदा पुसली. सदू बाजूला अवघडून उभा होता.

"बघ रं, सपष्ट दिसतंय का पानी?"

"दिसतंय, मामा. आर्ध्यावर हाय."

"आर्ध्यावर," हिंदुराव म्हणाले. त्यांनी चिंधीची घडी केली, सदूच्या हातात दिली, आणि काचेसमोरची जागा त्याला मोकळी करून दिली.