सहा वाजता बंद होणारी बाग

मित्रांनो, माझ्याकडे असं कीव आल्यासारखं बघू नका. मी जुना झोका आहे. दोन लोखंडी खांब, जाड साखळ्या आणि एक लांबलचक सागवानी फळी, एवढंच माझं शरीर. रंग उडालाय, फळीची एक कड कुजलीय, सगळं कबूल. पण मी मोडलेलो नाही. वारा आला की मी कुरकुरतो, तेव्हा जाणारे-येणारे म्हणतात, 'गंजला बिचारा.' बिचारा म्हणे! अरे, मी रागानं कुरकुरतो. थांबलाच आहात, तर तो राग कशाचा ते ऐकून घ्या.

माझा जन्म सोलापुरातला. एकोणीसशे सव्वीस सालच्या उन्हाळ्यात धोंडीराम लोहारानं मला भट्टीत घातलं. माणूस अबोल, पण हात असा की साखळीची एकेक कडी त्यानं तीन-तीनदा ठोकून पाहिली. मी उभा राहिलो तेव्हा त्यानं घरातल्या बायकांना हाक मारली आणि सगळ्यांना एकदम फळीवर बसवलं. बायको लाजून म्हणाली, "अवो, मोडला म्हंजे?"

"मोडायचा आसंल तर हितंच मोडू दे की," धोंडीराम म्हणाला. "पोरीबाळींच्या खाली नगं."

मी मोडलो नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी, आणि खरं सांगायचं तर मनापासून मिळालेली जवळजवळ शेवटचीच.

आता मला मागवलं कुणी ते सांगतो. गावात एक बागकमिटी निघाली होती. पेठापेठांतून बागा करायच्या, मुलांना खेळायला जागा, मोठ्यांना फिरायला पायवाट, असा तिचा बेत. बेत छान होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण नकाशा काढला तो अध्यक्षसाहेबांच्या बंगल्यातल्या मेजावर, पंख्याखाली बसून. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? गिरणीमागच्या चाळींजवळ एक मोकळं मैदान होतं आणि त्यात एक मोठा कडुलिंब. नकाशात नेमका त्या लिंबाच्या जागी फुलांचा गोल वाफा आला. मग झालं! वाफा हलवायचा की झाड तोडायचं, असा प्रश्न पडला, आणि कमिटीनं झाड तोडायचं ठरवलं.

त्या लिंबाला दर नागपंचमीला चाळीतल्या बायका दोर बांधून झोके घ्यायच्या. वर्षभर गिरणीत कापसाच्या धुरळ्यात उभं राहायचं आणि पंचमीला संध्याकाळी सुटून आलं की झोक्यावर बसून गाणी म्हणायची. त्यांना तेवढाच एक सण स्वतःचा. म्हणून झाड तोडायला चाळीची संमती हवी, असं कमिटीचे कारकून चिंतामणराव म्हणाले. संमतीसाठी त्यांनी गाठलं बनाबाईला. बनाबाई गिरणीत रिळं भरायची, विधवा बाई, आवाज खणखणीत, आणि चाळीत तिच्या शब्दाला किंमत. चिंतामणराव तिला म्हणाले, "झाड गेलं तरी तुमचा सण जाणार नाही, बनाबाई. लोखंडी झोका बसवतो. पंचमी तुमचीच."

बनाबाईनं त्या शब्दावर चाळीस बायकांचे अंगठे मिळवून दिले. झाड पडलं आणि मी आलो.

उद्घाटनाला काय थाट होता म्हणून सांगू! पताका, हार, अध्यक्षांचं अर्धा तास भाषण. माझ्या साखळ्यांना झेंडूच्या माळा. कमिटीवाल्यांची मुलं कडक इस्त्रीच्या कपड्यांत माझ्यावर बसली आणि टाळ्या पडल्या. चाळीतल्या बायका तेव्हा गिरणीत होत्या. टाळ्यांच्या गडबडीत तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'बागेची वेळ सकाळी आठ ते अकरा, दुपारी चार ते सहा.'

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा. गिरणीचा भोंगा सकाळी सातच्या आत वाजायचा आणि सुटका व्हायची सहाला. बाग उघडायची बायका आत गेल्यावर आणि बंद व्हायची त्या बाहेर पडताना! ही वेळ ठरवली कुणी? कमिटीतल्या एकानंही गिरणीच्या दारात जाऊन विचारलं नव्हतं. कचेरी सुटते तेव्हा जग सुटतं, असा या लोकांचा समज. पोरांचीही तीच गत. थोरली पोरं आयांबरोबर गिरणीत आणि धाकटी दुपारभर घरात भावंडं सांभाळत. आई आल्याशिवाय पाय मोकळे होणार कसे?

बागेचा रखवालदार चनमल्लप्पा. अक्कलकोटकडचा म्हातारा, घरात कानडी बोलायचा. सहा वाजले की माझ्या दोन्ही साखळ्या एकत्र बांधून त्यांना कुलूप घालायचा, मग दाराला. तेवढ्यात बनाबाई धावत यायची. डोक्यात कापूस, घामानं भिजलेली, गजाला धरून उभी राहायची.

"बाबा, दहा मिंटं तरी ठेवा की उघडं."

"मी काय करू, बाई?" चनमल्लप्पा म्हणायचा. "घड्याळ त्यांचं हाय. माझ्याकडं निस्ती किल्ली."

ती पहिली पंचमी तशीच गेली. बायका नव्या बांगड्या भरून, मेंदीच्या हातांनी दाराबाहेर उभ्या होत्या आणि मी आत कुलपात. तुम्हाला कधी हातपाय बांधून सणाला बसवलंय का? मला बसवलं होतं. बायका परत फिरल्या तेव्हा शेजारची काशम्मा बनाबाईला सगळ्यांसमोर म्हणाली, "लिंब काय वाईट होता गं? तू म्हटलीस म्हणून अंगठा दिला की. आता तूच सांग, झोका कुटं घ्यायचा?"

बनाबाई एरवी कुणाचं ऐकून घ्यायची नाही. पण त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं. पुढं वर्षभर नळावर, गिरणीत, कुठंही कुणी 'लिंब' म्हटलं की तिची मान खाली जायची. आणि चूक कुणाची? तिची नव्हती, माझी तर नव्हतीच.

तिनं कचेरीत तीनदा खेपा घातल्या. कमिटीनं तिच्या तक्रारीची दखल घेतली, आणि कशी घेतली ते ऐका. झोक्याचा वापर किती होतो ते मोजायचं ठरलं! चिंतामणराव सात दिवस रोज सकाळी दहाला आले, छत्री उघडून बाकावर बसले आणि वहीत रोज शून्य लिहून गेले. चौथ्या दिवशी एक शेळी माझ्या फळीवर पुढचे पाय ठेवून उभी राहिली. तिला त्यांनी मोजणीत धरलं नाही. अहवालात वाक्य आलं: 'मजूर वर्गास करमणुकीची आवड दिसत नाही.' हे वाक्य चनमल्लप्पाला कुणीतरी वाचून दाखवलं आणि त्यानं मला ऐकवलं. माझं लोखंड तापलं, मित्रांनो, आणि तेव्हा ऊनही नव्हतं.

मग ठराव झाला की हा झोका इथं वाया जातो, तो बंगल्यांजवळच्या बागेत न्यावा. तारीख ठरली दोन ऑगस्ट, एकोणीसशे सत्तावीस.

आता इथं चिंतामणरावांची चूक झाली. कचेरीच्या भिंतीवर इंग्रजी तारखांचं कॅलेंडर होतं आणि पंचांग घरी देवापाशी. त्यांनी भिंतीकडं बघून तारीख लिहिली. त्या दिवशी नागपंचमी होती.

सकाळी मुकादम चार गडी घेऊन आला. पहारी, कुदळी, बाहेर बैलगाडी. भोंगा झाला होता, पण बनाबाई गिरणीत गेली नव्हती. खाडा पडला तर पडू दे म्हणून ती माझ्या खांबाला टेकून उभी होती.

"मुकादम, आज सण कुटला?" तिनं विचारलं.

मुकादम थबकला. त्यालाही कामाच्या धांदलीत सुचलं नव्हतं. त्यानं हातातली पहार हळूच खाली ठेवली, मातीला टोक लागू न देता.

"आज न्हाय जमायचं, सायेब," तो चिंतामणरावांना म्हणाला. "पंचमीला भुई खणत न्हाईत. मातीत नागोबा आसतोय. माजी बी ल्येकरंबाळं हायत की."

"अहो, हे कमिटीचं काम आहे! ठराव झालाय!"

"ठराव उद्या बी आसंलच की. उद्या खणतो."

चिंतामणराव चिडले. "तुम्हाला जमत नसेल तर मी खणतो," असं म्हणून त्यांनी स्वतः कुदळ उचलली. धोतर सावरून माझ्या पायथ्याशी आले.

बनाबाई जागची हलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "सायेब, खरं सांगा. आज तुमच्या घरी भाजी चिरली का?"

पंचमीला घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे काय चिंतामणरावांना ठाऊक नव्हतं? त्यांच्याही घरी विळी आडवी करून ठेवली होती. सकाळी पुरणाची उकडलेली दिंडं खाऊनच निघाला होता गडी! कुदळ खांद्यापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. मग त्यांनी ती मुकादमाच्या हातात दिली आणि रुमालानं मान पुसली.

"तुमी दहाला मोजलंत," बनाबाई म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "दहाला आमी मशिनीवर आस्तो. मोजायचंच हाय तर आज भोंगा झाल्यावर या. आमच्या अंगठ्यावर झाड पाडलंत, सायेब. माज्या चाळीपुढं मला मान वर करता येत न्हाय. येवडी एक सांज मोजा."

चिंतामणरावांनी रुमाल खिशात ठेवला. मग चनमल्लप्पाकडं वळून म्हणाले, "संध्याकाळी मोजणी आहे. दार उघडं ठेवा."

आणि मित्रांनो, ती संध्याकाळ! भोंगा झाला आणि चाळ लोटली. मराठी गाणी, कानडी गाणी, विणकरांच्या बायकांची तेलुगू गाणी, एकीला दुसरीचं कळत नव्हतं तरी ठेका धरला होता. आठ-आठ जणी एकदम बसल्या. धोंडीरामाच्या कड्या खणखणल्या, पण एक सुटली नाही. काशम्मानं बनाबाईला धरून फळीवर मधोमध बसवलं आणि स्वतः पाठीमागून ढकललं. "चल गं बने, बघू किती उंच जातीस," म्हणाली. बनाबाई रडत होती की हसत होती, देव जाणे. उजेड होता तोवर चिंतामणराव मोजत राहिले. एकशे त्रेसष्टपर्यंत लिहून त्यांनी वही मिटली, कारण बायका पुन्हापुन्हा येत होत्या आणि हिशेब लागेना.

त्या माणसानं अहवाल प्रामाणिकपणे लिहिला, हे मी सांगणारच. बागेची वेळ रात्री आठपर्यंत करावी, असंही सुचवलं. कमिटीनं काय केलं? शेरा मारला: 'सदर मोजणी बागेच्या वेळेबाहेरची असल्याने ग्राह्य धरता येत नाही.' धन्य ती कमिटी! तिसऱ्या दिवशी मला उपटून गाडीत घातलं. सगळ्या बायका तेव्हा गिरणीतच होत्या.

तेव्हापासून मी या बंगल्यांच्या बागेत आहे. इथल्या मुलांना मी नको आहे, त्यांच्या अंगणात स्वतःचे झोपाळे आहेत. तेल नाही, रंग नाही. चनमल्लप्पाची बदली माझ्यामागून इथं झाली, पण तो राहतो अजून चाळींकडंच, म्हणून तिकडची खबर कळते.

पुढच्या वर्षी कमिटीनं गिरणीमागच्या बागेच्या दाराबाहेर, थेट रस्त्यावर, एक मोठी लोखंडी कमान उभारली. वर बागेचं नाव, खाली अध्यक्षांचं. पंचमीला सहा वाजता बाग नेहमीसारखी बंद झाली. बनाबाई आली ती खांद्यावर दोर घेऊनच. तिनं तो कमानीवरून टाकला, गाठ मारली आणि पहिला झोका काशम्माला दिला. बागेचे नियम बागेच्या आत, कमान रस्त्यावर. पोलीस आला, पाटी वाचली आणि डोकं खाजवत उभा राहिला. तेवढ्यात अध्यक्षसाहेबांचा टांगा आला. रस्त्यात झोका, पुढं जाणार कसे? बनाबाई ओरडली, "थांबा सायेब, आमची वेळ हाय!" आणि साहेब थांबले. चाळीतल्या सगळ्या बायकांचे झोके होईपर्यंत थांबले. चनमल्लप्पा हे सांगताना इतका हसला की त्याला खोकला लागला.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या अशा कमिटीत बसेल. बागा जरूर करा, नकाशे काढा. पण ज्यांच्यासाठी करता त्यांना आधी विचारा, बाबांनो, तुम्ही मोकळे कधी होता? आणि एकदा केलेली वस्तू तेलपाणी करून जपा, तिला कुलपात सडवू नका. एवढं ज्याला जमत नाही त्यानं झाडाला हात लावू नये.

बरं, उभे का? बसा माझ्यावर, दोघं-तिघं एकदम बसा, मला झेपतं. आणि लवकर बसा. इथलीही बाग सहालाच बंद होते.