डिकीतला सुका मासा

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. दारं चार आहेत म्हणून मला गरीब गाय समजू नका. मला पळण्यासाठी बनवलं होतं. समुद्रकाठच्या कारखान्यात शेवटची चाचणी घेणाऱ्या माणसाने माझं इंजिन जरा जास्तच वेळ चालू ठेवलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ही कोणाच्या हाती पडणार, कोण जाणे." मला ते कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, त्याला माझी कीव आली असावी.

पहिल्यांदा मी चांगल्या हाती पडले. कू बोन-शिक यांचं सोलमध्ये चष्म्यांचं दुकान होतं. तरुणपणी अशी गाडी घ्यायची राहून गेली, ती त्यांनी केस पांढरे झाल्यावर घेतली. मला घरी आणलं त्या दिवशी इमारतीच्या तळघरात नव्या गाडीची पूजा म्हणून माझ्यापुढे डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडलं. ते हसरंच हवं म्हणून कू साहेबांनी सगळा बाजार पालथा घातला होता. माझ्या चाकांवर तांदळाची दारू शिंपडली आणि ते माझ्यासमोर पार जमिनीला कपाळ टेकवून वाकले.

"अहो, आपल्या लग्नात तरी एवढे वाकला होतात का?" त्यांची बायको म्हणाली.

"हिच्याबरोबर पाच वर्षांची वॉरंटी मिळाली आहे. तुझ्या वडिलांनी काय दिलं होतं?"

शेवटी त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला एक अख्खा सुका मासा माझ्या डिकीत, जादा चाकाच्या खळग्यात ठेवला. त्याचे डोळे सदा उघडे असतात आणि गाडीवर येणारं संकट तो बघून घेतो, अशी तिथली समजूत. एकदा ठेवलेला मासा कोणी हलवत नाही. गाडी जुनी होते, मासाही तिच्याबरोबर पिवळा पडत जातो.

कू साहेबांनी मला जिवापाड जपलं. थंडीत इंजिन गरम झाल्याशिवाय ते मला दामटत नसत. रविवारी नदीकाठच्या रस्त्याने मी निघाले की लोक वळून बघत आणि कू साहेब आपल्याकडेच बघताहेत असं समजून पोट आत घेत. ते दिवस आठवले की आजही माझा ऊर भरून येतो.

मग एका उन्हाळ्यात आभाळ फाटलं. रस्त्यावरचं पाणी उतारावरून तळघरात शिरलं. आधी चाकं बुडाली, मग सीट, मग माझ्या पोटातली सगळी तारांची जाळी. कू साहेब किल्ली घेऊन जिन्यापर्यंत धावले होते. बायकोने सदरा धरून मागे ओढलं, "गाडी परत घेता येईल, तुम्ही नाही येणार." तिने केलं तेच बरोबर होतं. मी दोन दिवस गढूळ पाण्यात उभी होते.

अशा नुकसानीचा विमा कू साहेबांनी काढलेला नव्हता. त्यामुळे मी बुडाल्याची नोंद कुठेच झाली नाही. जुन्या गाड्यांचा व्यापारी प्यो मला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "सुटे भाग काढून मोडीत घालीन, साहेब. काळजी नको." कू साहेबांनी माझ्या टपावरून हात फिरवला आणि जास्त काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं उत्तर ऐकावं लागलं असतं. जिवापाड जपणारी माणसंही अशीच असतात, मित्रांनो.

प्योने मला मोडीत घातलं नाही. सीट उपटून उन्हात टाकल्या, सतरंज्या बदलल्या, कुबट वास मारायला आत कॉफीच्या भुकटीच्या वाट्या ठेवल्या. सीटचे पट्टे जिथे गुंडाळले जातात तिथे चिखल दडतो, हे हुशार गिऱ्हाईक जाणतं. म्हणून त्याने चारही पट्टे नवे बसवले. तारांना मात्र हात लावला नाही. त्या दिसत नाहीत ना.

डिकीत त्याला मासा सापडला. फुगून कुजून त्याचा लगदा झाला होता. कोणालाही न घाबरणारा प्यो त्या लगद्यापुढे हात जोडून उभा राहिला, पुटपुटत माफी मागितली आणि मगच तो कागदात गुंडाळून टाकला. मग बाजारातून नवा मासा आणला, नवा दोरा गुंडाळला. माणसांना फसवायला त्याला काही वाटत नव्हतं. माशाची मात्र भीती वाटत होती.

मला बघायला योम मि-ओक आली. एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई. तिच्या वडिलांनी इंचॉनमध्ये जन्मभर शहर बस हाकली होती आणि माझ्यासारख्या गाड्या बसला मागे टाकून गेल्या की ते ओठ मुडपून बघत राहत. आता त्यांना सत्तर वर्षं होत होती. पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला ते दरवर्षी पिशवीत विळा घालून, तीन बस बदलून गावी जात. यंदा त्यांना मी न्यावं, असं तिच्या मनात होतं. त्यांना चकित करायचं म्हणून ती एकटीच आली.

बाई शहाणी होती. तिने वाकून टायरची झीज पाहिली. दारांच्या फटींवरून बोट फिरवलं. बोल्टचा रंग उडालाय का ते पाहिलं. बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "इंजिन गरम कसं? थंड असताना चालू करून बघायचं होतं मला."

"आत्ताच एकांना फिरवून आणलं, ताई. मागणी आहे गाडीला," प्यो म्हणाला.

मग तिने सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. स्वच्छ. तिचा चेहरा खुलला. मी आतून ओरडत होते, बाई, आठ वर्षांच्या गाडीला इतका कोरा पट्टा कसा? त्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरचं साल तरी वाच. पण गाडीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? तिने डिकी उघडली, मासा पाहिला आणि तिथेच सगळं संपलं.

"आमच्या आप्पांनीही बसमध्ये ठेवला होता," ती हळूच म्हणाली. "ज्याने हा ठेवला त्याने गाडीची हेळसांड केली नसणार."

प्योने मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

घरी तिच्या वडिलांनी, योम आजोबांनी, माझ्याभोवती फेऱ्या मारल्या. हात पुसून मगच स्टिअरिंगला हात लावला. डिकीतला मासा उचलून नाकाशी नेला.

"मासा कोरा आहे गं."

"आधीच्या मालकाने बदलला असेल, आप्पा."

"मासा कोणी बदलतं?"

मि-ओकचा चेहरा पडला. म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं, मासा होता तिथे ठेवला आणि म्हणाला, "बदलत असतील. हल्ली लोकांकडे पैसा झालाय. चल, फिरवून आण मला." तिचा आनंद त्याला मोडवेना.

गवत कापायच्या दिवशी आम्ही गावी निघालो. आजोबा पुढे बसले होते, मांडीवर विळ्याची पिशवी. एक बस मागे पडली तेव्हा त्यांनी तिच्या ड्रायव्हरला हात केला आणि लहान मुलासारखे हसले. पुढच्या बोगद्यात माझ्या गंजलेल्या तारांनी दगा दिला. इंजिन बंद, दिवे बंद, स्टिअरिंग जड. मागून ट्रक येऊन आदळला. मि-ओक वाचली. आजोबांचं खुब्याचं हाड चुरलं. त्यानंतर ते कुबड्यांशिवाय उभे राहिले नाहीत आणि गावी गेले नाहीत.

गॅरेजमध्ये माझ्या तारांवर वाळलेला चिखल निघाला, तशी मि-ओक प्योकडे गेली. तो म्हणाला, "पाणी? कुठलं पाणी? कागदावर दाखवा, ताई. जीव वाचला, माशाचे उपकार माना."

तिने माझी मागची बाजू दुरुस्त करून घेतली. वडिलांच्या उपचारांपायी घर रिकामं झालं होतं. मला मोडीत घालणं तिला परवडणार नव्हतं. एक दिवस ती बाजारातून पिशवी घेऊन आली. कुबड्यांवर उभ्या असलेल्या आजोबांनी पिशवीतली शेपटी ओळखली.

"गाडी विकायची तर विक. मी अडवणार नाही. पण मासा ठेवू नकोस, पोरी."

"मासा पाहूनच घेतात, आप्पा. मी नव्हती घेतली?"

तिने दोरा गुंडाळला. गाठ दोनदा सुटली. आजोबा तोंड फिरवून उभे राहिले. प्योचा मला राग आला होता. मि-ओकचा राग येत नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, आता मी दुसऱ्या एका शहरात विक्रीला उभी आहे. धुतलेली, चकचकीत. एक दिवस तुमच्यापैकी कोणीतरी आई-बाबांचं बोट धरून मला बघायला येईल. माझ्या रंगाला भुलू नका. पट्टा ओढा, वास घ्या, इंजिन थंड असतानाच या. आणि डिकी उघडलीत की तो मासा माझ्यापेक्षा तरुण आहे का, एवढं बघा. असेल, तर मला तिथेच सोडून घरी जा.