तळाचा ढापा

मी एक जुना ढापा आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण माझं बरंचसं आयुष्य पाण्याखाली गेलं. नीरा नदीवर, कळंबच्या खालच्या अंगाला एक बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमधल्या खाचांत लोखंडी पत्रे एकावर एक बसवून पाणी अडवतात. त्या पत्र्यांना ढापे म्हणतात. मी सगळ्यांत तळाचा.

इंदापूरच्या एका शेडमध्ये मला कापलं, डांबर फासलं. पहिल्या वर्षी बंधारा तुडुंब भरला, तेव्हा वरच्या काठचे डाळिंबवाले दादासाहेब नारळ घेऊन आले. सगळ्यांनी आम्हाला नावाजलं. मला वाटलं, पाणी धरून ठेवणं म्हणजे पुण्याचंच काम.

माझ्या अंगाशी बोटाएवढ्या मुऱ्या आणि इतर बारके मासे खेळत. काठच्या उथळ पाण्यात, गवताच्या मुळांशी ते अंडी घालत. सारजाबाई त्याच पाण्यात जाळं टाकून निमगावच्या बाजारात मासळी विकायच्या.

एका उन्हाळ्यात खालच्या गावांचं पाणी आटलं. ढापे काढायचा हुकूम आला. ते काम बंधाऱ्यावरच्या रामहरीचं. सारजाबाई त्याला म्हणाल्या, "एकदम काढू नगंस. बारकी मासळी काठाला हाय. तिला खोल पाण्यात जायाला येळ दे."

"काकू, खाली जनावरं तहानंनं वरडत्यात," रामहरी म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

दोघांचंही मला पटलं आणि मी गोंधळून गेलो. दुपारपर्यंत सगळे ढापे निघाले. काठावर पडल्या पडल्या मी पाहिलं, पाणी धावत गेलं आणि मासे डबक्यांत अडकले. गवतातली अंडी उन्हात वाळली. सारजाबाई घमेल्यानं मासे उचलून डोहाकडे नेऊ लागल्या. रामहरीनं दुसरं घमेलं उचललं. पण बरेचसे मासे वाचले नाहीत, आणि पुढे वर्षभर सारजाबाईंचं जाळं रिकामंच येत राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात रामहरीनं पाटबंधारे खात्याच्या साहेबांना विनवून काम आधीच सुरू केलं. रोज एकच ढापा. पाणी हळूहळू मागं सरलं आणि मासेही त्याच्यासोबत सरकले. खालच्या गावांनाही वेळेत पाणी पोचलं. पण दादासाहेबांच्या मोटरचा पाइप लवकर उघडा पडला. ते तरातरा बंधाऱ्यावर आले.

"माझी बाग जळली, तर ही मासळी भरून देणार हाय का?"

त्यांचंही खरंच होतं. सारजाबाईंनी त्यांना नुसतं काठाशी नेऊन पाण्यातली पिल्लं दाखवली. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग कुरकुरत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटरचा पाइप वाढवला.

पुढे मला गंजून भोक पडलं. आता मी काठच्या बाभळीखाली पडून असतो. मी चांगलं केलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. मित्रांनो, पाणी अडवा, सोडाही. पण त्यात कोण राहतं ते आधी वाकून बघत जा.

परवा रामहरीच्या जागी नवा माणूस आला. एक ढापा काढून त्यानं दुसऱ्याला हात घातला, तोच वरून आवाज आला.

"ऱ्हाऊ दे, उद्या काढ. मासळी काठाला हाय."

मला वाटलं, सारजाबाई. पाहतो तर दादासाहेब होते.