झाकली मूठ

गोविंदा गुरवाने काशीफळावर, त्या भल्यामोठ्या लाल भोपळ्यावर, विळा टेकवला, तशी देवळापुढची गर्दी गप्प झाली. पलीकडे आकाशपाळणा मात्र करकरत फिरतच होता.

वच्छलाबाई नातीचा हात धरून रांगेत उभ्या होत्या.

"आजी, एवढं मोठं फळ! कौशल्याआजी घरी काऊन नाही नेत?" छकुलीने विचारलं.

"जत्रेत ज्याचं फळ पहिलं येते, त्याचं इथंच फोडतेत. गर भंडाऱ्याच्या भाजीत, अन् बिया मांगणाराले. मानकऱ्यानं आपल्या हातानं मूठ भरून द्यायची. घेणाऱ्यानं ती झाकून न्यायची अन् आपल्या उंबऱ्यावरच उघडायची."

"अन् रस्त्यात पाह्यली तं?"

"मंग देणाऱ्याच्या हातावर आपला भरोसा नाही, असं होते."

छकुलीने मान डोलावली. "तू काऊन नाही आणलं फळ?"

"स्लॅब टाकतानी तुह्या बापानं बियाचं मडकं उकिरड्यावर फेकलं. काय पेरू, राख?"

त्या हसल्या, पण नजर फळावर होती. चाळीस वर्षं जपलेलं वाण त्या मडक्याबरोबर गेलं होतं. गावातल्या बाकी मळ्यांत आता दुकानातलं बी होतं.

फळ उकललं. गर्द केशरी गर आणि सालीलगत बारीक हिरवी रेघ. वच्छलाबाईंनी छकुलीचा हात घट्ट धरला. ती रेघ त्यांच्याच वाणाची होती.

अकरा वर्षांपूर्वी हा मान त्यांचा होता. तेव्हा दोघींच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून कौशल्याबाईंशी बोलणं तुटलेलं. तरी कौशल्याबाई रांगेत आल्या होत्या. मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती. वच्छलाबाईंनी टोपल्यात बोटं फिरवली आणि चाचपून चाचपून पोचट बिया तेवढ्या वेचून दिल्या. कौशल्याबाईंनी मूठ झाकली, कपाळाला लावली आणि त्या गेल्या. पुढे त्या बियांबद्दल कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या पोचटांतलीच एखादी रुजली असणार.

रांग सरकली.

"ये वं वच्छला," कौशल्याबाई म्हणाल्या. "यंदा इकून उभी राह्यली?"

"हाव. मानकरीण तू हायेस नं."

कौशल्याबाईंची बोटं टोपल्यात फिरू लागली. इतरांना त्यांनी भराभर मूठ दिली होती. इथे त्या एकेक बी चाचपत राहिल्या. ते चाचपणं वच्छलाबाईंच्या ओळखीचं होतं. त्यांनी मान खाली घातली. कौशल्याबाईंचा डावा हात कमरेच्या बटव्यात जाऊन आला. मग ओली, थंड मूठ वच्छलाबाईंच्या तळव्यात रिकामी झाली.

"इथं दाबून नको पाहू. घरी जाय."

वच्छलाबाईंनी मूठ कपाळाला लावली. रेवड्यांच्या दुकानापाशी छकुली रेंगाळली, पण आजी थांबली नाही.

उंबऱ्यावर बसून त्यांनी मूठ उघडली. अंगठ्याने एकेक बी दाबून पाहिली. भरलेली. हीही भरलेली. सगळ्या टपोऱ्या, जणू निवडून घेतलेल्या.

तळाशी एकच बी कोरडी होती. जुनी, पिवळी पडलेली, कागदासारखी चपटी.

"ही तं पोचट हाय आजी," छकुली म्हणाली. "फेकू?"

वच्छलाबाईंनी ती बी तिच्या बोटांतून हळूच काढून घेतली.

"नको. थे माही हाय."