चौकटीतले रिकामे घर

या मित्रांनो, जवळ या. मागचे थोडे पुढे सरका, पुढचे थोडे मांडी आवरून बसा. कथा सांगणाऱ्याने आधी श्रोत्यांना हात जोडावेत अशी रीत आहे. मला हात नाहीत, म्हणून नुसते मनाने जोडतो. गोष्ट लहान आहे, गोड नाही, पण खरी आहे. मध्येच उठू नका, एवढेच मागणे.

मी एक जुना रूलिंग पेन आहे. तुम्ही मला ओळखणार नाही. मला निब नाही, टोपण नाही. चिमट्यासारखी पोलादाची दोन पाती आणि ती जवळदूर करणारा एक बारीक स्क्रू, एवढाच माझा संसार. पात्यांच्या मध्ये शाईचा थेंब सोडायचा, स्क्रू फिरवून जाडी ठरवायची आणि पट्टीच्या कडेने मला ओढायचे. केसाएवढी रेघ हवी तर केसाएवढी, दोऱ्याएवढी हवी तर दोऱ्याएवढी. काम झाले की लगेच सुती चिंधीने पुसायचे. दहा मिनिटे विसरलात की शाई पात्यांत दगड होते आणि मी मुका होतो.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नकाशांचा विभाग होता, तिथे मी तिच्या हाती लागलो. तिचे हजेरीपटावरचे नाव वेगळे होते, पण सगळे तिला रेघाताई म्हणत. आधी टिंगल म्हणून, नंतर सवय म्हणून. उतरत्या फळीच्या टेबलावर ओणवी होऊन ती पंपाचे पोट उभे चिरून दाखवी, म्हणजे कागदावर. आतला दांडा, चक्र, रबराची कडी, शेवटच्या स्क्रूचा आटासुद्धा. जे दिसते ते सलग रेघेने काढायचे. जे आत आहे पण दिसत नाही, ते तुटक रेघेने. हा त्या धंद्यातला पहिला धडा. तिच्या तुटक रेघेतले सगळे तुकडे मोजून घ्या, सारख्याच लांबीचे निघतील.

एकदा दुरुस्तीला आलेल्या पंपाचा नकाशा तिने काढला. रबरी कडीवर नखाएवढी चीर होती, तीही काढली. साहेब वैतागले.

"ताई, पंप काढायचाय. पंपाचं चरित्र नाही."

"आहे तेवढंच काढलंय साहेब."

त्या चिरेतूनच पाणी गळत होते, हे पुढे कळले. शाबासकी साहेबांना मिळाली. कशी, ते ऐका. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, तिच्यात तीन घरे: काढले, तपासले, मंजूर. त्या विभागाचा नियम असा, की तपासले आणि मंजूर या घरांत साहेबांच्या सह्या झाल्याशिवाय काढणाऱ्याने आपले नाव घालायचे नाही. तोवर कागद कच्चा. आणि सह्या झाल्या की साहेब म्हणत, "झालं ना मंजूर? मग पाठवा खाली, छपाई खोळंबलीय." कागद जाई आणि पहिले घर रिकामेच राही. एकतीस वर्षे. मी तिच्या हातात होतो, मला ठाऊक आहे.

मग संगणक आले. फळ्या भिंतीशी उभ्या केल्या, नंतर भंगारात गेल्या. रेघाताईला निरोपाचा हार मिळाला आणि साहेब म्हणाले, "तो डबा न्या तुम्ही. आता कुणाच्या कामाचा नाही." त्या डब्यात मी होतो. स्वतःबद्दल असे ऐकताना बरे वाटत नाही मित्रांनो, मग तुम्ही पोलादाचे का असेनात.

घरी धाकटा भाऊ आणि भावजय. जेवायच्या टेबलावर दोन जेवणांच्या मधल्या वेळात तिचा कागद पसरे. ताटे आली की कागद गुंडाळायचा. तिने पहिल्यांदा काढल्या त्या आईच्या चपला. आई जाऊन सहा महिने झाले होते, चपला दाराशी तशाच होत्या. चार महिने ती त्या दोन चपला काढत होती. डाव्या टाचेची झीज, अंगठ्याचा खळगा, तीनदा शिवलेला पट्टा, प्रत्येक टाका. आणि शेवटी चपलांच्या आत, तुटक रेघेने, दोन पावले. आहेत, पण दिसत नाहीत.

भावजयीने आधी हसून घेतले. "वन्सं, पायात घालायची वस्तू भिंतीवर लावणार का आता?" मग तिने पोळपाट खाली ठेवला, कागदाजवळ आली आणि वाकून डावी टाच पाहू लागली.

"डावीकडे झुकून चालायच्या सासूबाई," ती म्हणाली. "बादली त्या हाताला असायची ना. मी विसरलेच होते."

मित्रांनो, मी पुष्कळ कौतुके ऐकली आहेत, सगळी दुसऱ्यांची. आमच्या वाट्याचे कौतुक तेवढे एकच.

दोन वर्षांत बावीस चित्रे झाली. किल्ली हरवलेले कुलूप, वडिलांचा चष्मा, शिवणयंत्राचे पायडल. प्रत्येकाच्या कोपऱ्यात, सवयीने, तीच चौकट आणि तीच तीन घरे. तिन्ही रिकामी. आणि इथेच ती चुकली. साऱ्या जगात नकाशे काढणारीनेच करावी अशी ती चूक होती. सही झाल्याशिवाय कागद पक्का नाही, हे तिच्या हाडात मुरले होते. म्हणून ती तपासनीस शोधायला निघाली.

पलीकडच्या रस्त्यावर चित्रकलेचे मास्तर राहत. नाव मोठे, केस पांढरे, गळ्यात मफलर. त्यांनी चपलांवर भिंग धरले आणि भिंग उचलेनात.

"कुठे शिकलात?"

"पंपात."

मास्तर हसले. ती हसली नाही, तिने खरेच सांगितले होते. "तपासून द्या," ती म्हणाली, "आणि योग्य वाटलं तर मंजूर करा." मास्तरांनी बावीसही कागद ठेवून घेतले. दोन्ही घरांत ऐटदार सह्या केल्या. महिन्याने निरोप आला, मोठ्या कलादालनात चित्रे लागली आहेत, बघायला या.

त्या सकाळी ती किती आनंदात होती म्हणून सांगू. इस्त्रीची साडी, पर्समध्ये शाईची बाटली, चिंधी आणि मी. "मंजूर झालं ग," ती भावजयीला म्हणाली. "आता नाव घालते."

दालनाच्या कोपऱ्यात तिने माझ्या पात्यांत थेंब सोडला, स्क्रू बोटाने जोखला आणि चपलांपुढे उभी राहिली. चित्रावर काच होती. माझे टोक काचेला टेकले आणि थांबले. पलीकडे दोन अंगुळांवर ते रिकामे घर.

"अहो, काय करताय?" मास्तर लगबगीने आले. "आता चौकट ठोकलीय. पुढच्या वेळी बघू."

"नाव राहिलंय."

"ते तुम्हीच रिकामं ठेवलंत ताई."

"सही झाल्यावर घालायचं असतं."

"ते तुमच्या कारखान्यात," मास्तर हळू आवाजात, अगदी प्रेमाने म्हणाले. "इथे ज्याची सही, त्याचं चित्र."

मागून कुणी विचारले, "मास्तर, या वयात अशी बारीक रेघ?" मास्तर वळले. "हात चालतोय तोवर चालवायचा," म्हणाले आणि हसले.

भावजयीला राहवले नाही. "वन्सं, बोला की." मग तीच शेजारच्या बाईंना म्हणाली, "या चपला आमच्या सासूबाईंच्या आहेत हो."

"अय्या, हो का?" बाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हणजे मास्तरांनी तुमच्या घरच्या चपला काढल्या? भाग्य म्हणायचं."

रेघाताईने मला चिंधीत गुंडाळले. पुसले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला न पुसता ठेवले.

त्यानंतर तिने रेघ ओढली नाही. टेबल आता दिवसभर मोकळे असते. ती खिडकीशी बसून भाजी निवडते, देठ सारख्या लांबीचे तोडते. मी बटणांच्या डब्यात आहे. एकदा भावजयीने शेगडीची छिद्रे मोकळी करायला मला घेतले, पात्यांमधली काळी गाठ तिला दिसली, आणि तिने मला पदराने पुसून परत ठेवून दिले. गाठ निघाली नाही. निघू नये असे मलाही वाटते.

तर मित्रांनो, तुमच्याकडे हत्यार असेल तर काम झाल्यावर ते पुसून ठेवा. आणि कागदावर काही केलेत तर आधी आपले नाव घाला, मग खुशाल जगाला दाखवा. देवाला सगळे दिसते म्हणतात, मीही मानतो. पण दालनातली चित्रकारांची यादी देव छापत नाही.

कधी एखाद्या मोठ्या इमारतीत, काचेमागे, दोन झिजलेल्या चपला दिसल्या तर सह्या वाचू नका. खाली वाका आणि पहिले घर पाहा. तिथे काही नाही. तिथे जे असायला हवे होते ते माझ्या तोंडात वाळून बसले आहे, एका थेंबाएवढे. तुम्ही मनातल्या मनात तिथे एक तुटक रेघ ओढा आणि रेघाताईची आठवण ठेवा.