रेंज नसलेली जागा

मोटार शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शेजारचा शिकाऊ गडबडला की दाबायचा. मास्तरांना त्याची इतकी सवय झाली होती की बसमध्ये बसले तरी त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. घरात बायको जरा भरभर चालली तरीही. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून तर तो पाय त्यांनी उचललाच नव्हता.

डायलिसिस, मोजकं पाणी, फारच तहान लागली तर तोंडात बर्फाचा एक खडा. आणि या सगळ्यातून सुटका व्हायची तर हॉस्पिटलच्या एका फोनने. कुठेतरी कुणीतरी जाणार, त्याच्या घरचे मन घट्ट करून हो म्हणणार, ती किडनी हिला जुळणार आणि मग हिचा फोन वाजणार. वाजला तर लगेच उचलायचा, भरलेली बॅग घ्यायची आणि निघायचं. उचलला नाही तर हॉस्पिटल पुढच्याला फोन करतं. त्यांचंही बरोबर आहे. वाट पाहणारी ही काय एकटी नव्हती.

गेल्या महिन्यात तो फोन आला आणि लागला नाही. "तुमचा नंबर कव्हरेज क्षेत्राबाहेर होता," हॉस्पिटलमधल्या बाई नंतर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. बायकोने तिचा एकटीचाच नंबर दिलेला होता. "तुम्ही गाडीत असता, माझाच असू दे," असं तेव्हा ती म्हणाली होती.

"मी ओट्यापाशीच होते," ती म्हणाली. "फोन फळीवर होता. वाजलाच नाही."

झालं. मास्तरांनी मोबाइल कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इतकी वर्षं नेमाने पैसे भरले, आणि आयत्या वेळी यांनी पाठ फिरवली! दुसऱ्याच दिवशी ते दुसऱ्या कंपनीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने सांगितलं, नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येईल. पण मास्तर घाईने सही करणारे नव्हते. रस्ता बघितल्याशिवाय ते शिकाऊ माणसाला गियर टाकू देत नसत, इथे तर बायकोचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी नव्या कंपनीचं एक सिम वापरून बघायला घेतलं, जुन्या फोनमध्ये घातलं आणि कामाला लागले.

मदतीला गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी थोरली बहीण. तिने आपल्या घरून एकदा बायकोच्या फोनवर आणि एकदा नव्या सिमवर रिंग द्यायची, एवढंच काम. पण ताईला नुसती रिंग देणं जमेल तर ती ताई कसली!

"लागला का?"

"लागला. ठेव आता."

"ठेवते. औषधं घेते ना रे ती वेळेवर? आणि तू जेवलास का?"

"ताई, कव्हरेज तपासतोय मी. तब्येती नंतर तपासू."

असे दोन दिवस गेले. डायलिसिसची खोली, औषधाचं दुकान, बायको भाजी घेते तो कोपरा, बसचा थांबा, सगळीकडे मास्तर दोन हातांत दोन फोन धरून उभे राहिले. लोक बघत होते, त्यांना फिकीर नव्हती. नवी कंपनी सगळीकडे चोख लागत होती. जुनी कुठे कुठे रेंगाळायची, पण लागायची. ती कुठेतरी साफ तोंडावर पडावी म्हणून मास्तर हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

मुख्य जागा त्यांनी शेवटी ठेवली होती, स्वयंपाकघर. त्या दुपारी बायको नेहमीसारखी पाय मोकळे करायला खाली गेली. तिचा फोन मास्तरांकडेच होता, म्हणून त्यांनीही अडवलं नाही. त्यांनी तो ओट्याजवळच्या फळीवर ठेवला, अगदी तिने दाखवला होता तिथे, आणि ताईला सांगितलं, "लाव."

फोन वाजला.

त्यांनी खिडकी लावली. वाजला. दार लावलं. वाजला. फोन पिठाच्या डब्यामागे सरकवला, मग रिकाम्या पातेल्यात ठेवून वर झाकण टाकलं. पातेल्यातूनही घरघर ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मनापासून वाटत होतं की फोन लागू नये. एकदा तरी लागू नये. कंपनीवर ओरडायला ते तयार होते. दुसऱ्या कुणावर ओरडायची त्यांची तयारी नव्हती.

"अरे, दोन्ही लागतात की," ताई म्हणाली. "मग त्या दिवशी घोडं कुठे पेंड खात होतं?"

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. "लावत राहा," एवढंच म्हणून ते दोन्ही फोन घेऊन बाहेर पडले.

जिन्यात लागला. फाटकापाशी लागला. बायको कुठे दिसली नाही. आता उरला होता फक्त तळघराकडे उतरणारा जिना. खाली पाण्याचा पंप, मोडक्या सायकली आणि इमारतीतल्या सगळ्यांची नको असलेली खुर्च्या-टेबलं. मास्तर उतरू लागले. बायकोच्या फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या. मधल्या वळणाच्या एक पायरी खाली शेवटची गेली. नव्या सिमच्या फोनवर मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या.

खालचा दिवा चालू होता. पंपाशेजारी, पाठ तुटलेल्या खुर्चीत बायको बसली होती. काही करत नव्हती. डोळे मिटलेले, गालात बर्फाचा खडा. इतका सैलावलेला चेहरा मास्तरांनी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या हातातला नव्या सिमचा फोन वाजला. ताईच ती.

बायको दचकून उभीच राहिली. फोनकडे बघितलं, मग मास्तरांकडे. चेहरा पांढराफटक.

"इथेसुद्धा?" ती म्हणाली.

मास्तरांनी फोन बंद केला. सगळं एकदम कळलं आणि कळल्याबरोबर डोकं सणकलं. "तू इथे होतीस त्या दिवशी."

"हो."

"फोन घेऊन?"

"तुम्ही तो खाली ठेवू देता का कुठे? आंघोळीला गेले तरी दार किलकिलं ठेवायला लावता."

"अगं, किडनी होती ती! दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात गेली! आणि मी वेड्यासारखा फोन पातेल्यात घालून..."

ती पुन्हा बसली. "इथे रेंज नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच येते. थोडा वेळ. वर कायम कान लावून बसायचं, तो वाजतोय का, वाजतोय का. वाजला तर काय? तर कुणाच्या तरी घरी रडारड चाललेली असणार आणि आपण बॅग उचलायची. रोज सकाळी उठून मी कुणाच्या मरणाची वाट बघते, मास्तर. आणि स्वतःच्याही. ऑपरेशनच्या टेबलावरून उठेन की नाही, कुणी लिहून दिलंय?"

मास्तरांनी दोन्ही फोन खिशात घातले.

"त्या दिवशी वर आले तेव्हा मेसेजवरून कळलं, फोन येऊन गेला. तुम्हाला खोटं का सांगितलं, माहितीय? मला बरं वाटलं होतं. आधी बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली." तिने खडा गालात फिरवला. "बॅग तुम्ही भरलीत. फोनवरही 'हो, निघालो' तुम्हीच म्हणाल. मला कोण विचारणार?"

मास्तरांचा राग विरला नव्हता, पण त्याला आता उभं राहायला जागा राहिली नाही. ते बाजूच्या मोडक्या स्टुलावर टेकले. तिच्या डाव्या हातावरच्या, डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या नसेवर त्यांनी बोटं ठेवली. ती नस कायम सुरसुरत असे. पंपाच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती, पण बोटांना कळत होती.

"विचारेन," शेवटी ते म्हणाले. "मी विचारेन."

दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीच्या दुकानातून त्या मुलीचा फोन आला. "सर, कव्हरेज कसं वाटलं आमचं?"

"उत्तम. अगदी तळघरातसुद्धा लागतं."

"मग कंपनी कधी बदलायची?"

"नाही बदलायची," मास्तर म्हणाले. मुलीला काही समजलं नसावं. समजावून सांगण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. सिम काढून त्यांनी बटणांच्या डबीत टाकलं.

त्यानंतर दुपारची शिकवणी त्यांनी बंद केली. बायको खाली जायची, मास्तर तिचा फोन घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर बसायचे, जिथे शेवटची रेघ शिल्लक असे. एक पायरी खाली गेलं की तीही जायची. येणारे-जाणारे विचारायचे, "मास्तर, इथे का बसलात?" ते म्हणायचे, "गार वाटतं." पाय मात्र पायरीवर घट्ट दाबलेला.

झाडांची पानं गळून गेली होती तेव्हाची गोष्ट. असेच ते बसले होते आणि फोन वाजला. ताईचा नव्हता.

"किडनी मिळतेय," हॉस्पिटलमधल्या बाई म्हणाल्या. "लगेच निघू शकाल?"

"हो" मास्तरांच्या ओठांवर आलंच होतं. अख्खं शरीर हो म्हणत होतं. फोन घेऊन खाली धावावं तर दोन पायऱ्यांत तुटणार. इथूनच हो म्हणून टाकावं, तर कोण नाही म्हणणार होतं?

"एक मिनिट थांबा," ते म्हणाले. "तिला विचारून येतो."

"विचारून?" बाईंना खरं वाटेना. "अहो, वेळ नाहीये."

"थांबा. हात जोडतो. फोन ठेवू नका."

त्यांनी चालू फोन पायरीवर ठेवला आणि ते रिकाम्या हातांनी खाली उतरले. बायकोने डोळे उघडले. आधी त्यांच्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"फोन कुठाय?"

"वर आहे. चालू आहे. जायचं का तुला?"

तिने मान खाली घातली. मास्तरांना वाटलं, ती नाही म्हणणार. आपण तिला नाही म्हणायला वाट करून दिली आहे, आणि ती म्हणाली तर ते ऐकावं लागणार, हे त्यांना आत्ता, या क्षणी नीट कळलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"ते सांगत नाहीत."

"हं." ती बसून राहिली, अनोळखी घरी दुखवट्याला जाऊन बसावं तशी. मग तिने तोंडातला बर्फ चावून टाकला आणि उजवा हात पुढे केला. "उठवा मला."

ती पुढे, मास्तर मागे. वळणावर ती वाकली, पायरीवरचा फोन तिने स्वतः उचलला आणि कानाला लावला.

"हो," ती म्हणाली. "मीच बोलतेय."